देवपण काढून घेतल्यावर पर्सेफोनीची गोष्ट किती उरते?

अबोली (धागाकर्ती)

एका कथामालिकेवर काम करतेय. ग्रीक देवींच्या कथा घ्यायच्या, पण नायिका देवी नाहीत. दहा ते सोळा वर्षांच्या साध्या मुली. काळ इसवी सनपूर्व पाचवं शतक, जागा अथेन्स आणि आसपासचा ॲटिका प्रांत. नियम एकच, चमत्कार नाही. वीज कोसळणार नाही, जमीन दुभंगणार नाही, कुणाचं झाड किंवा कोळी होणार नाही. पहिली गोष्ट पर्सेफोनीची घेतली आणि तिथेच गाडी अडली, म्हणून हा धागा.

ज्यांना मूळ कथा नीटशी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळ्यात जुनं सविस्तर कथन डिमीटरच्या, म्हणजे पर्सेफोनीच्या आईच्या, धान्याच्या देवीच्या स्तोत्रात आहे. होमरच्या नावावर खपतं, पण त्याचं नाही. कवी अज्ञात, काळ साधारण इ.स.पू. सातवं-सहावं शतक, ओळी ४९५. एकुलतं एक हस्तलिखित १७७७ साली मॉस्कोत सापडलं, नाहीतर हे सगळं आपल्यापर्यंत पोचलंच नसतं. मुलगी मैत्रिणींबरोबर कुरणात फुलं तोडतेय. एका नर्गिसाला शंभर फुलं लागलीत. ती दोन्ही हात पुढे करते, तेवढ्यात जमीन फाटते, पाताळाचा राजा हेडीस रथातून वर येतो आणि किंचाळणाऱ्या मुलीला घेऊन जातो. हा तिचा सख्खा काका, आणि आईकडून मामाही. बाप झ्यूसने, देवांच्या राजाने, आधीच होकार दिलेला आहे, ते नर्गिसही त्याच्याच मर्जीने उगवलेलं. आईला मात्र कुणी विचारलेलं नाही आणि कळवलेलंही नाही.

आता यातले देव बाजूला करा. दोन भावांनी परस्पर लग्न ठरवलं, एवढंच राहतं. आणि अथेन्समध्ये लग्न ठरायचं ते असंच. मुलीचा बाप आणि होणारा नवरा यांच्यात बोलणी, औरस संततीसाठी मुलगी दिली असं बापाने म्हणायचं, त्याने घेतली म्हणायचं, हुंड्याचा आकडा ठरायचा. मुलीने तिथे हजर असण्याचीही गरज नसे. झेनोफोन या ग्रीक लेखकाच्या 'ओइकोनोमिकस' या घरसंसारावरच्या ग्रंथात इस्कोमाखस नावाचा गृहस्थ सांगतो की बायको घरी आली तेव्हा पंधराचीही नव्हती. नवरे बहुधा तिशीचे. म्हणजे पहिला अर्धा भाग लिहायला मला चमत्कार लागतच नाही.

अडचण डाळिंबापाशी आहे. आई रुसते म्हणून शेवटी झ्यूस नमतो, आणि मुलीला परत पाठवताना हेडीस तिला डाळिंबाचा दाणा देतो आणि तो खाल्ल्यामुळे तिला दरवर्षी वर्षाचा तिसरा हिस्सा त्याच्याकडे राहावं लागतं. (रोमन कवी ऑव्हिडने पुढे एका काव्यात सात दाणे केले, दुसऱ्यात तीन. स्तोत्रात एकच.) कवी सांगतो की हेडीसने तो गुपचूप, इकडेतिकडे बघत दिला. पण चाळीसेक ओळींनंतर तीच मुलगी आईला सांगते की मला नको असताना त्याने बळजबरीने खायला लावला. एकाच कवितेत दोन हकिकती, आणि कवी त्यावर चकार शब्द काढत नाही.

मी मुलीच्या तोंडून लिहितेय. काय घडलं ते तिला माहीतच असणार. मग मला एक हकिकत निवडावी लागणार का? वाचकापासून लपवलं तर ती लबाडी होईल.

चिंचपाणी

निवडू नकोस गं. त्या कवितेतलं सगळ्यात खरं काही असेल तर ते हेच आहे.

आई किती वेळाने विचारते बघ. लेक धावत येते, आई मिठी मारते, आणि मिठीतच तिच्या मनात पाल चुकचुकते. पहिला प्रश्न, तिथे काही खाल्लंस का? कशी आहेस नाही, त्रास झाला का नाही. चौदा वर्षांच्या मुलीला कळतंय की या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरणार. "भूक लागली होती म्हणून खाल्ला" असं ती म्हणेल? आणि खरंच बळजबरी झाली असेल आणि सांगणाऱ्या कवीला ती दिसलीच नसेल, हेही तेवढंच शक्य. तिच्या तोंडून लिहिणं सोडून दे. तृतीयपुरुषी कर, आईच्या अंगणातून लिही. दाणा तोंडात गेला ते दृश्य तुझ्या कथेत असायलाच नको.

तिरपागडा

नेहमीप्रमाणे विरोधी पक्ष.

देव काढून टाकले तर ग्रीक देवींची नावं कशाला हवीत? अथेन्समधल्या मुलीची गोष्ट म्हणा आणि लिहा. इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये गांधारी-कुंती-द्रौपदीला माणूस म्हणून तपासलं ते पटलं, कारण महाभारतात त्या माणसंच आहेत, त्यांना मुळात देव्हाऱ्यात नंतर बसवलं. डिमीटर पहिल्यापासून धान्याची देवी आहे. ती रुसते, शेतात दाणा उगवत नाही, माणसं उपाशी मरायला लागतात, देवांना नैवेद्य मिळेना म्हणून झ्यूस नमतो. आई जिंकते ती या एका ताकदीवर. ती ताकद तुम्ही काढून घेतलीत. आता पाचव्या शतकातल्या अथेन्समधली बाई नवऱ्याच्या निर्णयाविरुद्ध काय करणार? रडणार. तुमच्या वास्तववादी कथेत मुलगी परत येतच नाही. म्हणजे दुसरा अर्धा भाग गेला.

बाकी आठ महिने माहेर आणि चार महिने सासर! आमच्या आजीला विचारलं असतं तर तिने स्वतःहून डाळिंब मागून खाल्लं असतं.

अबोली

तिरपागडा, आजीबद्दल हसले, पण मुद्दा अगदी वर्मावर लागला. कायद्यात मार्ग शोधून पाहिला. लग्न मोडलं तर हुंडा परत करावा लागे, आणि मूल झालेलं नसेल तर बाप मुलीला परत आणू शकत होता असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण तो अधिकार बापाचाच, आणि बापानेच तर दिलीय. आईच्या हातात काहीच येत नाही.

रातकिडा

आईच्या हातात काहीच नव्हतं असं नाही. थेस्मोफोरिया बघा.

डिमीटर आणि तिच्या लेकीचा हा सण अथेन्समध्ये तीन दिवस चालायचा, साधारण ऑक्टोबरात, पेरणीच्या तोंडावर. फक्त बायकांचा, पुरुषांना मज्जाव. घरदार सोडून तीन दिवस त्या बाहेर मुक्काम करायच्या. दुसऱ्या दिवशी जमिनीवर बसून उपास. स्तोत्रात इआंबे नावाची दासी डिमीटरला चावट विनोद सांगून हसवते ना, तसे चावट विनोद सणातही होते. आणि मुख्य काम असं की आधी खड्ड्यांत टाकलेल्या डुकराच्या पिल्लांचे कुजलेले अवशेष काही ठरावीक बायका खाली उतरून वर काढायच्या. त्याआधी तीन दिवस त्या शुचिर्भूत राहायच्या. खाली साप असत म्हणून टाळ्या वाजवत उतरायचं. ते अवशेष वेदीवर ठेवायचे, आणि ते बियाण्यात मिसळले की पीक चांगलं येतं ही श्रद्धा. ल्युशियन या ग्रीक लेखकाच्या ग्रंथावरच्या एका जुन्या टीपेत हे सगळं नोंदलेलं आहे.

म्हणजे पेरणीच्या आधी बियाण्याला हात लागायचा तो बायकांचा. तुमच्या कथेतल्या आईला पाऊस थांबवायची गरजच नाही. गावातल्या दहा-बारा बायकांनी त्या वर्षी खाली उतरायला नकार दिला की झालं.

अबोलीताई, देव काढा, पण देवावरचा विश्वास काढू नका. तो तिथे पावसाइतकाच खरा होता. वास्तववाद म्हणजे त्यांची माणसं आपल्यासारखी विचार करणारी करायची, असं नव्हे.

तिरपागडा

पुरुष हसले असते आणि तसंच पेरलं असतं.

रातकिडा

पेरलं असतं की. आणि मग पाऊस लांबला असता तर? ॲटिकाची जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, म्हणून गव्हापेक्षा जव जास्त. शहराला पुरेल एवढं धान्य पिकतच नसे, काळ्या समुद्राकडून जहाजांनी आणावं लागे. अशा ठिकाणी नोव्हेंबरात ढग नाहीत आणि बायकांनी विधी मोडलाय हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारचा शेतकरी त्या बापाच्या दारात येऊन उभा राहील की नाही? झ्यूसकडे जसे देव जातात तसा?

तिरपागडा

हे जमेल. मागे घेत नाही, पण जमेल.

अबोली

रातकिडा, दोन दिवस हेच डोक्यात घोळतंय. आईने एकटीने रुसण्यापेक्षा हे किती चांगलं! स्तोत्रात डिमीटर म्हातारीचं सोंग घेऊन ॲटिकातल्या एल्युसिस गावच्या विहिरीवर बसते आणि राजाच्या चार मुली पाणी भरायला येतात तो प्रसंग मला फार आवडतो. पण त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. आता कळलं. आई एकेका घरी जाईल.

गवती चहा

मी वेगळ्या बाजूने येते. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात फ्रासिक्लेआ नावाच्या मुलीचा संगमरवरी पुतळा आहे. १९७२ साली ॲटिकातल्या मेरेंदा इथे सापडला, घडवला साधारण इ.स.पू. ५५०-५४० मध्ये, पारोसच्या अरिस्तिओनने. लांब झगा, त्यावर लाल रंगाचे अंश अजून आहेत, डोक्यावर कळ्यांचा मुकुट, हातात छातीशी धरलेली कमळाची कळी. हे थडग्यावरचं स्मारक आहे. खालच्या लेखात ती मुलगी स्वतःच बोलते. मला कायम कुमारीच म्हटलं जाईल, लग्नाऐवजी देवांनी मला हे नाव दिलं.

लग्नाआधी मेलेली मुलगी म्हणजे हेडीसची नवरी, ही कल्पना ग्रीकांमध्ये सगळीकडे आहे. 'अँटिगनी' या ग्रीक नाटकात तर नायिका अँटिगनी स्वतःच आपल्या थडग्याला लग्नाची खोली म्हणते. मग सगळ्यात वास्तव अर्थ असा नाही का, की पर्सेफोनी मेली? तापाने, साप चावून, कशानेही. बाकीची गोष्ट म्हणजे आई वर्षभर काय करत राहिली ते. परत येण्याची अडचणच उरत नाही.

चिंचपाणी

गवती चहा, वाचून गलबललं, पण या मालिकेसाठी नको वाटतं. मग ती आईची गोष्ट होते. मुलगी पहिल्या पानावर जाते आणि मोठी व्हायची राहते. आणि मेलेल्या मुलींवर कविता करणारे पुष्कळ झालेत.

पावसाळी बेडूक

मी इथे सगळ्यांत लहान असेन बहुतेक (एकोणीस). तुम्ही सगळे गृहीत धरताय की तिला जायचंच नव्हतं. आमच्या वयाच्या मुली इंटरनेटवर ज्या पर्सेफोनीच्या गोष्टी वाचतात त्यात हेडीस शांत, समंजस असतो आणि आई श्वास घेऊ देत नाही. ते मूळ कथेत नाही हे आम्हाला कळतं. पण आई सतत "काय खाल्लंस, कुणाबरोबर होतीस" विचारणारी असते हे आम्हाला फार कळतं. वर चिंचपाणीताईंनीच लिहिलंय, मिठीतला पहिला प्रश्न.

अबोली

बेडूक, बरं झालं बोललीस, मालिका तुझ्याच वयासाठी आहे. शांत हेडीस मला पचत नाही. पळवून नेणाऱ्याचा स्वभाव चांगला निघाला की नेणं माफ होतं, असा हिशोब नकळत तयार होतो. स्तोत्रात सूर्यदेव डिमीटरला नेमकं हेच समजावतो, जावई काही वाईट नाही, तुझाच सख्खा भाऊ, राज्य केवढं मोठं! स्थळ बघून घेण्याचं हे बोलणं अडीच हजार वर्षं जुनं आहे.

पण आईबद्दलचं तुझं म्हणणं मला हवंय. माझ्या कथेतली आई जरा जास्तच बरोबर होत चालली होती.

रातकिडा

बेडूकच्या बाजूने थोडं. लग्न झालेल्या पर्सेफोनीला मानणाऱ्या मुली प्राचीन काळीही होत्या. दक्षिण इटलीत लोक्री नावाची ग्रीक वसाहत होती. तिथल्या पर्सेफोनीच्या स्थानात भाजक्या मातीच्या पाट्या ढिगाने सापडल्यात, इ.स.पू. पाचव्या शतकातल्या. काहींवर रथातून पळवून नेणं आहे, काहींवर ती हेडीसच्या शेजारी सिंहासनावर ताठ बसलीय, हातात धान्याच्या लोंब्या आणि कोंबडा. तिथे ती लग्नाची देवी होती. लग्न ठरलेल्या मुली तिला पाट्या वाहत असाव्यात.

आणि होमरच्या 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात नायक ओडिसियस मृतांच्या लोकात जातो तेव्हा शेवटी पळ काढतो तो कशाला घाबरून? पर्सेफोनी आता गॉर्गनचं, म्हणजे जिच्याकडे पाहिलं की माणूस दगड होतो त्या राक्षसीचं, डोकं पाठवेल या भीतीने. ट्रॉय जिंकून आलेला माणूस! फुलं तोडणारी मुलगी ते ही बाई, मधलं सगळं कुणीच सांगितलेलं नाही. मोठं होणं तिथे आहे. दाणा आणि परत येणं ही निम्मीच वाट.

पावसाळी बेडूक

हे भारी आहे. म्हणजे ती चार महिने तिकडे काय शिकत होती ते लिहा ना ताई! किल्ल्या कुणाकडे होत्या, हिशोब कोण ठेवायचं.

अबोली

इस्कोमाखस त्याच्या पंधरा वर्षांच्या बायकोला नेमकं हेच शिकवतो. कोठार कसं लावायचं, भांडी कुठे ठेवायची, दासदासींकडून काम कसं करून घ्यायचं. पानंच्या पानं तो बोलतो आणि बायको शहाण्यासारखी उत्तरं देते, अर्थात त्याच्याच तोंडून. ते आता तिच्या बाजूने लिहावं लागणार.

भटकी मांजर

पर्सेफोनीवरच अडकलात सगळे. शिकारीची देवी आर्टेमिस कधी?

कॅलिमाखस या ग्रीक कवीच्या स्तोत्रात ती इवलीशी मुलगी आहे, झ्यूसच्या मांडीवर बसून मागण्यांची यादी वाचते. कायमचं कौमार्य, भावाला आहेत त्याहून जास्त नावं, धनुष्यबाण, साठ मैत्रिणी आणि त्या सगळ्या नऊ वर्षांच्याच हव्यात. बापाच्या दाढीला हात लावायला जाते तर हात पुरत नाही. याला वास्तववादी करायला काहीच करावं लागत नाही, असं पोर प्रत्येक घरात असतं.

आणि जागा आयती आहे, ब्राउरॉन. ॲटिकाच्या पूर्व किनाऱ्यावरचं आर्टेमिसचं स्थान, उत्खनन १९४८ पासून. पाच ते दहा वयाच्या मुली तिथे देवीपुढे 'अस्वल' व्हायच्या, केशरी झगे घालून. तिथे सापडलेल्या लहान मातीच्या भांड्यांवर पळणाऱ्या मुलींची चित्रं आहेत. ॲरिस्टोफेनीसच्या 'लिसिस्ट्राटा' नाटकात (इ.स.पू. ४११) बायका अभिमानाने सांगतात की आम्ही ब्राउरॉनला अस्वल झालो होतो. पुढे लग्नाच्या आधी मुली खेळणी आर्टेमिसला वाहून टाकायच्या. एका जुन्या कवितेत तिमारेता नावाची मुलगी डफ, चेंडू, केसांची जाळी आणि बाहुल्या कपड्यांसकट देऊन टाकते.

पण त्याच ब्राउरॉनला बाळंतपणात मेलेल्या बायकांची वस्त्रं वाहायची प्रथा होती असं नाटककार युरिपिडीस सांगतो. सात वर्षांची अस्वलं त्या कपड्यांच्या आजूबाजूला पळत असणार. एखादीने विचारलंच असेल, हे कुणाचे? तुमची कथा तिथून सुरू करा.

अबोली

मांजर, घेतली. दुसरी गोष्ट ठरली.

तिरपागडा

बुद्धीची आणि युद्धाची देवी अथीना कशी करणार? ती चिलखत घालून बापाच्या डोक्यातून बाहेर पडते. बालपणच नाही.

चिंचपाणी

का नाही? आई मेटिस, तिला झ्यूसने गिळलं. मुलीला सांगितलं की तुला आई नाहीच. 'युमेनिडीस' नाटकात (इ.स.पू. ४५८) ती भर न्यायालयात म्हणते, मला जन्म देणारी आई नाही, मी पुरुषांच्या बाजूची. घराघरात असते अशी बाबांची हुशार मुलगी. एक दिवस तिला पेटीत आईचं काहीतरी सापडू दे.

तिरपागडा

पेटीत सापडणं नको. फार झालं ते. शेजारणीने भांडताना सहज बोलून जावं.

अबोली

शेजारीण जास्त बरी. तोवर डाळिंबाचा प्रसंग तृतीयपुरुषी करून पाहिलाय. खाण्याला एवढं महत्त्व का, याचं उत्तर प्लुटार्क या ग्रीक चरित्रकारात मिळालं. अथेन्सचा जुना कायदेकार सोलोन, त्याच्या कायद्यानुसार नवरीने नवऱ्यासोबत खोलीत जाण्याआधी बिहीचं (क्विन्सचं, पेरू नव्हे) फळ खायचं. फळ खाल्लं म्हणजे लग्नाला मान तुकवली, असा अर्थ मी माझ्या कथेत डाळिंबाला दिलाय. मुलीचं नाव मेलित्ता.

आईने तिचे हात सोडले नाहीत. "खायला काय द्यायचे?"
"सगळंच. जवाची भाकरी, मासे, अंजिरं."
"डाळिंब?"
दाई राख उकरत होती, ती थांबली.
"त्याने दिलं," मेलित्ता म्हणाली.
"दिलं, की भरवलं?"
बाहेर बाबा कुणाशीतरी गाढवाच्या किमतीवरून घासाघीस करत होते. मेलित्ताने तिकडे पाहिलं. आईने तिची हनुवटी परत आपल्याकडे वळवली.
"भरवलं," ती म्हणाली. "मला नको होतं."
आईने तिला कुशीत ओढलं आणि दाईकडे बघत मोठ्याने म्हणाली, "ऐकलंस ना तू? तिला नको होतं."

चिंचपाणी

दाईला साक्षीदार केलंस! आता ते खरं की खोटं हे मेलित्ताच्याही हातात राहिलं नाही.

पावसाळी बेडूक

आईचा राग आला. म्हणजे बरोबर लिहिलंय.

गवती चहा

छान. फक्त "घासाघीस"च्या जागी बाबा गप्प असते तर? त्यांना ऐकू जातंय हे मुलीला कळलं असतं.

अबोली

नको, त्यांचं लक्ष नाही हेच मला हवंय.

तिरपागडा

एक शंका. डाळिंब शरदात पिकतं. तुमची मुलगी स्तोत्रातल्यासारखी वसंतात परत येते. मग ताजं डाळिंब कुठून आलं?

रातकिडा

डाळिंब थंड जागी महिनोन्‌महिने टिकतं. साल वाळते, आतले दाणे चांगले राहतात. कोठारातलं असेल. आणि अजून एक घ्या. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ख्रिस्ती लेखक सांगतो की थेस्मोफोरियात बायका जमिनीवर पडलेले डाळिंबाचे दाणे खात नसत. तुमचा संप करणाऱ्या बायकांचा प्रसंग आहेच, तिथे हे येऊ शकतं.

अबोली

कोठाराच्या किल्ल्या तोवर मेलित्ताकडेच आलेल्या असणार, बेडूकच्या प्रश्नाप्रमाणे. मग डाळिंब काढून आणलं कुणी, हा नवाच घोळ झाला! तो प्रसंग पुन्हा लिहिते. आर्टेमिससाठी वेगळा धागा काढते, ब्राउरॉनबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी तिकडे या.